सगळ्यात काळा डाग

॥ श्री नीळकंठेश्वर प्रसन्न ॥
निलंगा, सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

चि. दीपमाला हिस मावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून म्हणशील, मावशीचा मोबाईल बिघडला की काय. मोबाईल ठणठणीत आहे, पण तो तुझ्या शिवमदादाच्या खोलीत चार्जिंगला असतो. आणि आमच्या घरात फोनवर बोललेलं तुझ्या वर्षावहिनीला भिंतीपलीकडून ऐकू जातं. तिच्या कानावर जाऊ नये असं लिहायचं आहे, म्हणून पत्र. तू आमच्याकडं राहून दहावी केलीस, माझं अक्षर तुला लागतं.

आमच्या नातीच्या, जयाच्या कातडीचा टुकडा तुमच्या नांदेडच्या लॅबला येऊन राहिला आहे. हरभऱ्याच्या डाळीएवढा असेल. बाटलीवर तिचं नाव आहे. सुरुवातीपासून सांगते.

पोरगी आता दोन वर्षांची होईल. चौथ्या महिन्यापासून तिच्या अंगावर, चहाचे शिंतोडे उडावेत तसे फिके तपकिरी डाग आहेत. गावातली सरजाबाई मालिश करायला यायची तेव्हा ते, अंगावर गांधी उठाव्यात तसे फुगून वर यायचे. ती म्हणायची, "आतली घाण वर येऊन राहिली, येऊ द्या." आता रोजची मालिश मीच करते. कढत पाण्यानं न्हाऊ घातलं की पोरगी लाल होते आणि मलूल होऊन झोपते. मी म्हणते, शेक मानवला. वर्षा म्हणते, "आई, तुम्ही पोरीला चोळता की कणीक मळता?" तिचं बोलणं असंच.

आता खरी गोष्ट. जयाच्या जांघेत गाठ येते. रडली की लिंबाएवढी होते, दाबली की आत जाते. लातूरचे डॉक्टर म्हणाले, हर्निया आहे, ऑपरेशन लवकर करा, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. पण भुलीच्या डॉक्टरांनी तिच्या अंगावरचे डाग बघितले आणि थांबले. म्हणाले, हा मास्ट पेशींचा आजार असला तर नेहमीच्या भुलीनं पोरगी टेबलावरच जाऊ शकते. आधी तपासा. कातडीचे मोठे डॉक्टर रजेवर होते, त्यांच्या हाताखालच्या शिकाऊ डॉक्टरनं टुकडा काढला.

आजार आहे म्हणावं तर ऑपरेशन लांबतं, नाही म्हणावं तर भूल द्यायची भीती. तू तिथं आहेस हे देवानंच केलं. नीट बघ. आणि काय निघतं ते वर्षाच्या आधी मला सांग. ती रात्रंदिवस पोरीकडं बघत बसते, तिला एकदम कळायला नको.

तुझी
सगुणामावशी

---

नांदेड, २३ नोव्हेंबर

ती. सगुणामावशीस दीपमालाचा सा. नमस्कार.

पत्र मिळालं. हिशेबाच्या वहीचं पान दोन्ही बाजूंनी आणि वरून समासातही लिहिलेलं बघून लॅबमध्ये कुणीतरी विचारलं, हा कुठला जुना कागद? म्हटलं, माझी मावशी आहे, ती कोरी जागा सोडत नाही.

मावशी, आधी एक स्पष्ट सांगते. रिपोर्ट कुणालाच आधी सांगता येत नाही. तो तुमच्या डॉक्टरांकडं गेला आहे, त्यांच्याकडूनच तुम्हाला कळेल. टुकडा मीच कापला, रंगही मीच दिला आणि आमच्या मॅडमनी दुर्बिणीतून तपासला. मी त्या विषयातली डॉक्टर नाही, काचा तयार करणारी आहे. जयाचं नाव बघून एकदा केल्यावर भरवसा वाटेना, म्हणून काच दोनदा केली. दोन्ही वेळा तेच दिसलं.

एकच विचारायचं होतं. मॅडम म्हणाल्या, वरची कातडी भाजून बरी झाल्यासारखी दिसते. जयाला त्या जागी कधी चटका बसला होता का? शेगडी, समई, इस्त्री, काही? आठवून लिही.

आणि पोरीला इतकं चोळत जाऊ नकोस ना, मावशी.

दीपमाला

---

॥ श्री नीळकंठेश्वर प्रसन्न ॥
निलंगा, शुक्रवार, २९ नोव्हेंबर

चि. दीपमाला,

रिपोर्ट आला. मास्ट पेशी वाढलेल्या नाहीत असं लिहिलं आहे म्हणे! शिवमनं वाचून दाखवलं तेव्हा मी आधी देवापुढं साखर ठेवली आणि मग रडले. लातूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला ९ तारीख दिली आहे. सोमवार आला बघ, मी मागितला नव्हता. भुलीचे डॉक्टर म्हणाले, आता नेहमीसारखं करू, काळजी करू नका.

तुझ्या प्रश्नाचा मात्र मला राग आला. चटका? आमच्या घरात? पोरगी रांगायला लागली तेव्हापासून मी शेगडी ओट्यावर चढवली आहे. समईसुद्धा कोनाड्यात उंच ठेवते. तुमच्या मॅडमना सांग, निलंग्याला पोरं जपतात म्हणावं.

आता एक गंमत ऐक, पण तुझ्याजवळच ठेव. त्या शिकाऊ डॉक्टरनं जयाचं पोट उघडं करून सगळे डाग बघितले आणि बेंबीजवळचा सगळ्यात काळा डाग धरला. म्हणाला, "हाच घेऊ, हा जास्त गडद आहे." मला हसू आवरेना. अगं, तो डाग सरजाबाईच्या बिब्ब्याचा! दिवाळीआधी पोरगी पोट धरून रडत होती. वर्षा माहेरी उदगीरला गेली होती, तिनं बिब्ब्याला बजावून नाही म्हटलेलं. मी सरजाबाईला बोलावलं. तिनं सुई तापवून बिब्ब्यात खुपसली आणि बेंबीच्या कडेनं तेलाचे ठिपके दिले. उतला नाही, म्हणजे अंगभर चिघळला नाही, थोडे फोड आले आणि काळे पडले. पोरगी त्या दिवशी शांत झोपली. वर्षाला मी सांगितलं, डाग वाढलेत. डॉक्टरसमोर काय बोलणार? काजळ घातलं तर कुणी डॉक्टरला सांगतं का?

९ तारखेला निरंकार उपास करणार आहे. तूही देवाला हात जोड.

तुझी
मावशी

---

निलंगा, गुरुवार, ५ डिसेंबर

दीपमाला,

देवाचं नाव वर लिहिलं नाही, कारण रागात लिहून राहिले आहे.

मी तुला पत्र लिहिलं होतं, वर्षाला नाही. मंगळवारी दुपारी मी तूर निवडत होते आणि वर्षा जयाला भरवत होती. फोन वाजला. ती नुसती "हं, हं" करत होती. मग तिनं घास ताटात ठेवला आणि माझ्याकडं वळली.

"आई, जयाला बिब्बा घातला होता?"

मी म्हटलं, "कोण म्हणतं?"

"मी विचारते तेवढं सांगा. घातला होता का न्हाई?"

मी मान हलवली. तुरीचे दाणे हातातून सुटले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तिला हात लावू नका." आणि पोरीला उचलून आत गेली. तेव्हापासून तिला न्हाऊ घालणं, झोपवणं, सगळं तिचं ती करते. मी स्वयंपाकघरात. जया "आजी" म्हणून दारात येते आणि तिला आत ओढून नेतात. शिवम दोघींच्या मध्ये उभा राहतो आणि बाहेर निघून जातो. तुझे काका म्हणतात, जाऊ दे, आपणच चुकलो. आपण म्हणे! त्यांना बिब्बा म्हणजे काय ते सुद्धा माहीत नव्हतं.

आणि ९ तारीख रद्द! शिवमनं डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, दुसरा टुकडा काढून पुन्हा तपासायचा. काल जया शिंकली तेव्हा गाठ वर आली आणि लवकर आत गेली नाही. वर्षा तिला मांडीवर आडवी घेऊन बसली होती, मी दाराबाहेर. या दिवसांत आतडं अडकलं तर जबाब कुणाचा? तुझा?

रिपोर्ट चांगला आला होता. पुन्हा कशाला पोरीला कापायचं? एवढं सांग. बाकी मला तुझ्याशी बोलायचं नाही.

सगुणा

---

नांदेड, शनिवार, ७ डिसेंबर

ती. मावशी,

फोन मी केला, आणि पुन्हा अशी वेळ आली तर पुन्हा करीन. तुझं पत्र मंगळवारी हातात पडलं. सोमवारी ऑपरेशन होतं. तुला पत्र लिहून ते पोचेपर्यंत थांबायचं होतं का? तुझ्या फोनवरच लावला होता, वहिनीनं उचलला. तुला वाईट वाटलं त्याची माफी मागते, फोनची नाही.

दुसरा टुकडा का, ते सांगते. आमच्याकडं टुकडा मेणात बसवतात आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापून काचेवर चिकटवतात. साध्या रंगात मास्ट पेशी नीट ओळखू येत नाहीत, बाकीच्या पेशींत मिसळून जातात. म्हणून एक अँटिबॉडी घालतो. ती मास्ट पेशीतल्या एकाच पदार्थाला चिकटते, दुसऱ्या कशालाही नाही. ती जिथं चिकटली तिथं तपकिरी रंग उठतो, बाकी सगळं निळसर राहतं. मॅडम ते तपकिरी ठिपके बघून सांगतात, पेशी किती आहेत आणि कुठं गोळा झाल्या आहेत.

पण अँटिबॉडी काचेवर ठेवलेल्या टुकड्याबद्दलच सांगते. आम्ही तिला बिब्ब्यानं भाजलेली कातडी दिली. तिनं खरं तेच सांगितलं, इथं मास्ट पेशी फारशा नाहीत. रिपोर्ट खोटा नव्हता. पण तो जयाच्या डागाचा नव्हता, सरजाबाईच्या बिब्ब्याचा होता. आणि त्याच्या भरवशावर तिला नेहमीची भूल देणार होते.

मास्ट पेशी प्रत्येकाच्या अंगात थोड्या असतात. हा आजार असला तर त्या डागांत ढिगानं असतात. चोळलं, कढत पाणी लागलं, काही दुखण्याची औषधं, भुलीची औषधं दिली की त्या एकदम फुटतात. मग अंग लाल होतं आणि रक्तदाब पडतो. मावशी, तू लिहिलंस, चोळलं की डाग फुगतात, न्हाऊ घातलं की लाल होऊन मलूल होते. ते पत्र मी आता परत वाचलं. शेक मानवत नव्हता गं.

लातूरचे मोठे डॉक्टर आता रजेवरून आले आहेत. ते टुकडा घेतील. पण कुठले डाग पहिल्यापासूनचे आणि कुठले बिब्ब्याचे, हे त्यांना कसं कळणार? बिब्बा घातला तेव्हा वहिनी घरी नव्हती. दादाला पोरीच्या अंगावरचं काही सांगता येत नाही. रोज हात फिरवणारी तू. बोलायचं नसेल तर माझ्याशी नको बोलूस, पण त्या दिवशी लातूरला जा.

दीपमाला

---

निलंगा, १२ डिसेंबर

दीपमालाताई, नमस्कार.

शिवम उद्या बाटली घेऊन तुमच्याकडं येत आहेत, त्यांच्याजवळ ही चिठ्ठी देते. बाटलीतलं औषध सांडू नये म्हणून आईंनी झाकण मेणानं बंद करून दिलंय. मी म्हटलं, डॉक्टरांनी बंद केलंय ना! तर म्हणाल्या, "एसटी आपल्या डॉक्टरची न्हाई."

आई लातूरला आल्या. घरातून निघताना मी त्यांना चला म्हटलं नव्हतं. लुगडं बदलून त्या आधीच स्टँडवर जाऊन उभ्या होत्या.

डॉक्टरांनी जयाला टेबलावर घेतलं. मी सांगायला लागले, पण खरं सांगू, मला सगळे डाग सारखेच दिसत होते. आई पुढं आल्या. जयाला हात न लावता, लांबून बोट करून सांगत गेल्या: "हा सरजाबाईचा. हा पण. हा मच्छर चावलेला. हा पाठीवरचा चौथ्या महिन्यातला, हा देवाचा." डॉक्टरांनी पेनाच्या मागच्या टोकानं तो पाठीवरचा डाग हळूच घासला. आमच्या डोळ्यांसमोर तो लाल होऊन फुगला. डॉक्टर म्हणाले, "आजी, बरोबर दाखवलंत." तिथूनच टुकडा घेतला.

परत येताना एसटीत जया आईंच्या मांडीवर जायला रडली. मी दिली नाही. ताई, मला अजून राग आहे. माझ्या मागं झालं हे. तिचं काही बरंवाईट झालं असतं तर मला कळलंही नसतं कशानं.

गाठ कालपासून दोनदा घट्ट झाली. लवकर सांगा.

वर्षाराणी

---

नांदेड, १९ डिसेंबर

ती. मावशी आणि वहिनी,

हे पत्र दोघींना आहे, एकत्र वाचा. मुख्य गोष्ट फोनवर कळलीच आहे. पण फोनवर तुम्ही विचारलंत, एवढा उशीर का लागला. वहिनी म्हणाली, "तुम्ही विसरलात का आम्हाला?" ते मनाला लागलं.

झालं असं. कढईतलं तेल तापलंय की नाही बघायला मावशी आधी पिठाची एक गोळी सोडते. आम्ही तसंच करतो. जयाच्या टुकड्याशेजारी त्याच काचेवर दुसरा एक टुकडा ठेवतो, ज्यात मास्ट पेशी नक्की आहेत. तो तपकिरी झाला तर रंग चढलाय असं समजायचं. मंगळवारी मी काच बाहेर काढली तर जयाचा टुकडा कोरा. माझा जीव हलका झाला. मग शेजारचा बघितला, तोही कोरा! म्हणजे रंग चढलाच नव्हता. अँटिबॉडीची कुपी जुनी झाली होती. मी तेवढ्यावर खूश झाले असते आणि शेजारी बघितलं नसतं तर? तेव्हापासून आधी शेजारचा टुकडाच बघते.

नवी कुपी हैदराबादहून यायला दोन दिवस गेले. टुकडा एवढासा, त्याचे काप मोजकेच निघतात. राहिलेले वाया गेले तर पोरीला तिसऱ्यांदा कापावं लागणार. मॅडम माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. आज काच काढली. शेजारचा टुकडा तपकिरी झाला. आणि जयाचा? मावशी, मोहरीची बरणी फुटून फरशीवर पसरावी तसा. कातडीच्या वरच्या थरात नुसती दाटी. मॅडमनी उठून लातूरला फोन लावला.

डॉक्टर म्हणाले ते लक्षात ठेवा. लहान मुलांत हा आजार बऱ्याचदा कातडीपुरताच राहतो आणि मोठेपणी कमी होतो. ऑपरेशन होणार, फक्त भुलीची औषधं वेगळी आणि आधीपासून काळजी घेऊन. तोवर चोळायचं नाही, कढत पाणी नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलं औषध नाही.

मावशी, तू अजून माझ्याशी बोलत नाहीस. चालेल.

दीपमाला

---

॥ श्री नीळकंठेश्वर प्रसन्न ॥
निलंगा, शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

चि. दीपमाला हिस अनेक आशीर्वाद.

संक्रांतीचा तिळगूळ तुझ्या आईबरोबर पाठवला, मिळाला असेल. गोड बोलायला उशीर झाला.

जया घरी आहे, खेळते आहे. आधी काही दिवस औषधं देऊन ऑपरेशन या सोमवारी झालं, तेव्हा पत्र लिहिणं जमलं नाही, आता लिहिते.

आत नेण्याआधी भुलीचे डॉक्टर आमच्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "पोरीला घरी काय काय लावता, देता, सगळं सांगा. लाजू नका." वर्षा माझ्याकडं बघायला लागली. मी सांगायला सुरुवात केली. मालिशचं तेल, त्यात ओवा टाकते ते. धुरी, त्यात काय घालते ते. कढत पाणी. सर्दीला चाटण. कंबरेचा दोरा आणि त्याला बांधलेली वेखंडाची कांडी. बिब्बा, दोनदा. वर्षाला एकदाच माहीत होता. पहिला सहा महिन्यांची असताना, पायाला. ते पण सांगितलं. लॉबीतली माणसं ऐकत होती. डॉक्टर लिहून घेत होते. वर्षाची मान खाली होती. मला वाटलं, आता घरी गेल्यावर मला या घरात जागा नाही. पण टेबलावर पोरगी असताना मागं काही ठेवायचं नाही, हे मी नीळकंठेश्वराला बोलले होते.

दरवाजा बंद झाला. उपास होता, मी नीळकंठेश्वराचं नाव घेत बसले. मध्येच एक नर्स धावत बाहेर आली आणि दुसरं काही घेऊन आत गेली. वर्षानं माझा दंड धरला. नखं रुतली, ती सोडेना. किती वेळ गेला मला ठाऊक नाही. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांनी टोपी काढलेली होती. म्हणाले, "अंग लाल झालं होतं, दाब थोडा पडला. पण आम्हाला आधीच माहीत होतं, औषध हातातच होतं. आता बरी आहे." मी विचारलं, माहीत नसतं तर? ते म्हणाले, "आजी, ते आता कशाला?"

 त्यावरूनच मला कळलं. तुझ्या फोनसाठी मी तुला बोलले, ते परत घेते. ९ डिसेंबरचा सोमवार मी देवानं दिलेला समजत होते. त्याच्या आधीचा, तुझ्या फोनचा मंगळवार त्यानंच दिला होता.

सरजाबाईकडं जाऊन आले. म्हटलं, आमच्या पोरीला आता बिब्बा नाही, मालिश नाही. ती रुसली. "माझा बिब्बा गावात कुणाला उतला न्हाई." म्हटलं, "न्हाईच उतला, डागासारखा डाग राहिला, म्हणून तर फसलो." तिला काही कळलं नाही. परत समजावायला जाणार आहे, तिच्या हाताखाली अजून पोरं आहेत.

घरात वर्षा माझ्याशी लागेल तेवढंच बोलायची. पहिल्या बिब्ब्याबद्दल तिनं काही विचारलं नाही आणि मीही आणखी काही बोलले नाही. काल टाके बघून डॉक्टर म्हणाले, आता अंघोळ घाला. आज सकाळी मी पोळ्या लाटत होते. वर्षा न्हाणीतून ओरडली, "आई, पाणी बघा जरा. माझं नेहमी गारच होतं म्हणता ना!"

मी हात पुसून गेले. जया पाटावर बसलेली, पाण्यात थापट्या मारत होती. मी पाणी आधी माझ्या मनगटावर ओतून बघितलं, मग त्यात गार मिसळलं, परत बघितलं. तांब्या तिच्या खांद्यावर रिता केला. हात आपोआप चोळायला गेला आणि मी तो हवेतच धरला. चाळीस वर्षांत हा हात एवढंच शिकला, दीपमाला. न चोळता पोरीच्या अंगावरून हात कसा फिरवायचा ते त्याला येईना. मग पाठीवर नुसता तळवा ठेवला आणि पाणी त्यावरून वाहू दिलं. डाग जसाच्या तसा राहिला, फुगला नाही.

वर्षा दाराशी टॉवेल घेऊन उभी होती. तिनं बघितलं. मग टॉवेल माझ्या खांद्यावर टाकून ती पोळ्या लाटायला निघून गेली.

तुझी
सगुणामावशी